जुन्या गाडीचा दिवा : उजेड वाढवावा कसा आणि किती?



ऊसतोडणी सुरू झाली, पाठोपाठ तुरीच्या राशी आल्या, की आपल्या कडगंची भागातला कलबुर्गी–आळंद रस्ता रात्रभर वाहता असतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, कडब्याच्या गाड्या, शेवटची गाडी गाठायला निघालेले विद्यापीठातले विद्यार्थी, रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला निघालेला सायकलस्वार, आणि मधूनच एखादी बिनदिव्याची बैलगाडी. अशा रस्त्यावर ज्याच्याजवळ पंधरावीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर किंवा जुनी जीप आहे, त्याला एकच गोष्ट सतत खटकते. दिव्याचा उजेड पुरत नाही. मग तो तालुक्याच्या गावी जातो, दुकानदाराला म्हणतो, “आहे त्यातला मोठ्यात मोठा बल्ब द्या.” दुकानदार देतो. पुढे काय होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

हे आम्ही दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

आमची जीप व आमची चूक

आमची जीप जुनी. आतल्या वाड्यावस्त्यांवरून रात्री परत येताना तिचे दिवे कंदिलासारखे पिवळे दिसत. एकदा पुलाच्या अलीकडे, रस्त्यातच उभी असलेली कडब्याची गाडी आम्हाला अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेक लागले म्हणून निभावले. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका दुकानातून १००/९० वॅटचे बल्ब आणून बसवले. पहिल्या रात्री उजेड पाहून समाधान वाटले. आठवडाभराने गाडीत जळका वास येऊ लागला. दहाव्या दिवशी भर रस्त्यात उजवीकडचा दिवा बंद पडला. काढून पाहिले तर होल्डर वितळून बल्बाला चिकटलेला आणि वायरचे आवरण कडक होऊन तडकलेले.

एवढ्यावर भागले असते तर नुकसान आमच्या खिशाचे झाले असते. परंतु त्याच आठवड्यात आमच्या लोकांपैकी एक वयस्क काका रात्री सायकलवरून शेताकडे निघाले असता रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात पडले व त्यांचे मनगट मोडले. आम्ही भेटायला गेलो. कसे पडलात, म्हणून विचारले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “फादर, समोरून जीप आली. दिवा असा डोळ्यांत घुसला की रस्ता कुठं, चर कुठं, काय बी दिसलं नाही बघा. गाडी पुढं गेल्यावर कळलं, ती तुमचीच होती.”

आम्हाला तर त्या रात्री वाटेत कोणी भेटल्याचेही आठवत नव्हते. आम्हाला दिसावे म्हणून आम्ही जो दिवा लावला, त्याने दुसऱ्याचे दिसणे हिरावून घेतले होते. तेव्हापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. एस. टी.च्या कामावर आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनने आम्हाला पुष्कळ शिकवले. जे कळले ते क्रमाने देत आहोत.

बल्बावरचे आकडे काय सांगतात?

बल्बाच्या बुडाशी ‘१२ व्होल्ट ६०/५५ वॅट’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा अप्परचा, म्हणजे लांब फेकणाऱ्या दिव्याचा, आणि दुसरा डिपरचा. एकाच काचेत दोन तारा असतात. वॅट म्हणजे उजेड नव्हे. बल्ब किती वीज खातो, याचे ते माप आहे. उजेडाचे माप वेगळे आहे, त्याला ल्युमेन म्हणतात.

फार जुन्या गाड्यांत ४५/४० वॅटचा साधा बल्ब असे. त्यातली टंगस्टनची तार तापून हळूहळू झिजते, तिची वाफ काचेवर बसते आणि बल्ब काळवंडतो. हॅलोजन बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा वायू अल्प प्रमाणात भरलेला असतो. उडालेले टंगस्टन तो धरतो आणि पुन्हा तारेवर आणून सोडतो. त्यामुळे तार अधिक तापवता येते व काच स्वच्छ राहते. दोन तारांचा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब १९७१ साली युरोपात आला आणि पुढे जगभर पसरला. त्याच्या अप्परचा उजेड सुमारे १,६५० व डिपरचा सुमारे १,००० ल्युमेन असतो. जुन्या साध्या बल्बापेक्षा तो कितीतरी अधिक आहे. ज्यांच्या गाडीत अजून साधा बल्ब आहे, त्यांनी हॅलोजनकडे जाणे योग्यच. परंतु एच-४ ची बैठक जुन्या बल्बापेक्षा वेगळी असते. तेव्हा बल्ब ठोकून बसवण्यापेक्षा काच व रिफ्लेक्टर मिळून संपूर्ण डबाच एच-४ चा घ्यावा. जीप, ॲम्बॅसॅडर, पद्मिनी व बऱ्याच ट्रॅक्टरांना ७ इंची गोल दिवा असतो. त्या मापाचा डबा आजही सहज मिळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उजेड दुप्पट केला म्हणजे दुप्पट अंतरावरचे दिसते, असे नाही. अंतर दुप्पट झाले की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो व एक चतुर्थांश उरतो. म्हणून उजेड दुप्पट केला तरी पल्ला वाढतो तो सुमारे दीडपटीहूनही कमी. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडणारा मारा मात्र पुरता दुप्पट होतो.

वीज वाटेतच मुरते

आपल्या बोअरच्या मोटारीचा अनुभव घ्या. डीपीजवळच्या शेतकऱ्याची मोटार जोमाने पाणी ओढते. लाईनच्या शेवटी असलेल्याची मोटार नुसती घुमते आणि एके दिवशी जळते. मोटार दोघांची सारखीच, पण शेवटपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही. जुन्या गाडीच्या दिव्याचे दुखणे बहुधा हेच असते.

बॅटरीतून निघालेली वीज आधी चावीकडे, तेथून दिव्याच्या बटणाकडे, मग डिपरच्या बटणाकडे आणि शेवटी बल्बाकडे जाते. वायर बारीक, वाट लांब, प्रत्येक जोडावर गंज. साधा हिशेब पाहा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर वायरीतून १० अँपिअर प्रवाह गेला तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर असेल तर हेच नुकसान ०.३५ व्होल्टवर येते. गंजलेले जोड, झिजलेली बटणे आणि अर्थिंगचा ढिला बोल्ट यांचे नुकसान वेगळेच.

कोणी म्हणेल, एकदोन व्होल्टने काय बिघडते? बल्बाच्या बाबतीत पुष्कळ बिघडते. व्होल्टेज १० टक्के उतरले तर उजेड १० टक्के नव्हे, सुमारे ३० टक्के उतरतो. आमच्या जीपमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, आणि मूळचे ६०/५५ चे बल्ब पुन्हा लावून मोजले तर बल्बाच्या पिनांवर जेमतेम १०.९. म्हणजे कंपनीने सांगितलेल्या उजेडापैकी निम्माच रस्त्यावर पडत होता. दोष बल्बाचा नव्हताच.

अशा वायरीवर आम्ही मोठा बल्ब चढवला होता. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर ओढतात. वायरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पावणेतीन पट झाली. होल्डर वितळला यात नवल ते काय! अशा वायरीवरून गाडीला आग लागू शकते. कडबा किंवा ऊस भरलेल्या वाहनाला आग लागणे म्हणजे काय, हे आपणास सांगायला नको.

ज्या जुन्या ट्रॅक्टरांना अल्टरनेटर नसून डायनामो आहे, त्यांनी आणखी जपावे. जुना डायनामो पूर्ण वेगात २० ते २२ अँपिअरच्या आसपास देतो आणि इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच देत नाही. १७ अँपिअर दिव्यांनीच खाल्ले तर बॅटरी भरणार कशी? सकाळी स्टार्टर फिरत नाही, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

रिले म्हणजे काय?

बोअरची मोटार चालू करताना आपण हिरवे बटण दाबतो. त्या बटणातून मोटारीची सगळी वीज जात नाही. बटण फक्त स्टार्टरमधल्या कॉइलला जागे करते, आणि जाड पट्ट्या चिकटून मोटारीला वीज देतात. दिव्याचा रिले म्हणजे हाच स्टार्टर, लहान आकाराचा. दिव्याचे जुने बटण रिलेला केवळ हुकूम देते. खरी वीज बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून व रिलेमधून थेट बल्बाकडे जाते. वाट आखूड होते आणि जुन्या बटणांवरचा भारही उतरतो.

रिलेच्या बुडाशी चार आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वीज द्यावी, ८७ वरून बल्बाकडे न्यावी, ८६ ला बटणाकडून येणारी जुनी वायर जोडावी आणि ८५ अर्थ करावा. अप्परला एक व डिपरला एक, असे दोन रिले लागतात. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड घ्यावी आणि रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर बोल्टने आवळावी. प्रत्येक रिलेला बॅटरीच्या जवळच १५ अँपिअरचा फ्यूज ठेवावा. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी कधीही गुंडाळू नये. फ्यूज उडतो तो काहीतरी बिघडले आहे हे सांगण्यासाठी. त्याचे तोंड बंद करून बिघाड जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवावी.

आमच्या जीपला हे सर्व करण्यास एक दुपार लागली, आणि दोन दिवसांच्या मजुरीएवढा खर्च आला. १०० वॅटचे बल्ब काढून टाकले आणि ६०/५५ चेच ठेवले. मग पुन्हा मोजले. पिनांवर १३.१ व्होल्ट आले. मोठा बल्ब न घालताही रस्त्यावरचा उजेड पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट झाला.

आधी पुसा, मग बदला

पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी घरच्या घरी पाहाव्यात.

१. काच. आपल्या काळ्या मातीची धूळ व चिखल काचेवर बसून उजेड अडवतो आणि उरलेला इकडेतिकडे फेकतो. रात्री निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने काच पुसावी. याला एक पैसाही लागत नाही.

२. रिफ्लेक्टर. काचेच्या आतली चांदीसारखी वाटी काळवंडली किंवा पापुद्रे सुटले असतील तर कितीही मोठा बल्ब लावा, उजेड मिळणार नाही. ती आतून घासू नये, चकाकी निघून जाते. डबा बदलावा. काचेला चीर गेली असेल तर आत पाणी व धूळ जाते, तेव्हाही तेच करावे.

३. बॅटरीची टोके. पांढरा-हिरवा साका कोमट पाण्याने धुऊन, घट्ट आवळून, वर थोडे व्हॅसलीन लावावे.

४. बल्ब हाताळणे. हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून त्या जागी काच दुबळी होते व बल्ब लवकर जातो. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून कोरडा करावा.

५. जोडी. दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच जातीचे असावेत. एका बाजूचा दिवा गेलेली जीप अंधारात समोरच्याला मोटारसायकलसारखी दिसते, आणि तो अंगावर येतो.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक शब्द. कित्येक जुन्या मोटारसायकलींचा दिवा थेट इंजिनच्या कॉइलवर चालतो. ती कॉइल ३५ वॅटच्या बल्बापुरतीच वीज करते. तेथे ६० वॅटचा बल्ब घातला तर उजेड वाढण्याऐवजी घटतो, आणि प्लॅस्टिकची वाटी असेल तर तीही वितळते.

एल. ई. डी. बल्बांविषयी

हल्ली पांढरेशुभ्र एल. ई. डी. बल्ब जुन्या होल्डरमध्ये सरळ बसतील असे मिळतात. ते वीज कमी खातात हे खरे. नव्या गाड्यांना व ट्रॅक्टरांना कारखान्यातूनच एल. ई. डी. दिवे येतात, त्यांत काही गैर नाही, कारण त्यांची वाटी व काच त्याच दिव्यासाठी बनवलेली असते. अडचण येते ती हॅलोजनच्या वाटीत एल. ई. डी. खोचल्यावर.

एच-४ च्या आत नीट पाहा. डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची पन्हाळी दिसेल. ही पन्हाळी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे तो वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून उलटून खाली, रस्त्याकडे जातो. समोरच्याचे डोळे वाचतात ते ह्या नखाएवढ्या पन्हाळीमुळे. तार केसभर जरी सरकली तरी उजेडाची दिशा बदलते. एल. ई. डी.मध्ये बारीक तारेऐवजी चपट्या टिकल्या असतात. त्या नेमक्या त्या जागी व त्या आकारात नसतात. मग उजेड वर, बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर, सगळीकडे उडतो. चालकाला वाटते, काय लख्ख दिसते! परंतु तो उजेड जवळच्या जमिनीवर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर असतो. दूरच्या वळणावर तो पोहोचतच नाही. शिवाय एल. ई. डी.ची उष्णता मागच्या बाजूने निघते. तेथे धूळ भरली, छोटा पंखा अडकला, की तो महाग बल्ब हंगामभरही टिकत नाही.

निळसर झाक असलेल्या बल्बांच्याही मागे लागू नये. त्या उजेडाने, विशेषतः वयस्कांचे, डोळे अधिक दिपतात.

दिव्याचा नेम

बंदुकीला नेम असतो तसा दिव्यालाही असतो. डबा बदलला, स्प्रिंग-पाटे बदलले किंवा गाडी कोठे धडकली, की नेम तपासावा. रीत सोपी आहे. सपाट जागेवर, भिंतीसमोर बरोबर ५ मीटरवर गाडी उभी करावी. चाकांत हवा बरोबर असावी, आणि गाडीत नेहमी असतो तेवढा भार ठेवावा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्या उंचीची आडवी रेघ ओढावी. तिच्याखाली ५ ते ७ सेंटीमीटरवर दुसरी रेघ ओढावी. संध्याकाळी डिपर लावावा. उजेडाची वरची कड ह्या खालच्या रेघेवर आली पाहिजे. दिव्याच्या कडेचे स्क्रू फिरवून ती आणता येते. डाव्या बाजूला कड थोडी वर चढलेली दिसेल. ती तशीच असते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडची कड व पायवाट दिसावी यासाठी ती योजना आहे.

भाराविषयी सांगितले ते यासाठी की जीपच्या मागे आठ माणसे बसली किंवा ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली लागली, की गाडीचे तोंड वर होते. तोंड केवळ १ अंश वर झाले तरी ५० मीटरवर उजेड सुमारे ८७ सेंटीमीटर वर चढतो. रस्त्यावर पडायचा तो सायकलस्वाराच्या तोंडावर पडतो.

रात्रीचा डोळा

आता थोडे आरोग्याविषयी. अंधारात गेल्यावर डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि पडद्यावरच्या पेशींत रोडॉप्सिन नावाचे द्रव्य हळूहळू साठते. डोळा अंधाराला पूर्ण सरावण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. प्रखर उजेड पडला की बाहुली क्षणात आकसते व साठलेले द्रव्य विरते. उजेड निघून गेल्यावर पुन्हा नीट दिसू लागण्यास काही सेकंद जातात, आणि वय झालेल्यास अधिक जातात. ६० वर्षांच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यावर, २० वर्षांच्या तरुणाच्या मानाने, सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर समोरचा दिवा डोळ्यात फुटून पसरतो आणि बाकी सर्व झाकून जाते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी जीप एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. पाच सेकंद दिसले नाही, तर ८० मीटरहून अधिक रस्ता आपण आंधळेपणाने चाललो. त्याच वेगात ब्रेक दाबून गाडी थांबायला ५० मीटर व त्याहून अधिक लागतात. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस तेवढ्या अंतरावर दिसेलच असे नाही. म्हणून डिपरवर चालताना वेग ४० वर ठेवावा. तेव्हा ३० मीटरच्या आसपास गाडी थांबते. चांगला दिवा लावला म्हणून वेग वाढवला तर दिव्याचा फायदा वेगानेच खाल्ला, असे होईल.

समोरून प्रखर दिवा आला तर त्याच्याकडे पाहू नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी, वेग उतरवावा, गरज पडल्यास थांबावे. त्याने अप्पर ठेवला म्हणून आपणही ठेवू नये. तसे केल्याने एकाऐवजी दोघे आंधळे होतात. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. ते डोळ्यांत जाणारा उजेड आणखी कमी करतात.

संध्याकाळ झाली की चाचपडणारे कोणी घरात असेल, विशेषतः मूल, तर ते रातांधळेपणाचे लक्षण असू शकते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने तो होतो. शेवग्याची पाने, पालक, गाजर, पपई, दूध व अंडी आहारात ठेवावीत, आणि डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. चाळिशीनंतर रात्री गाडी चालवणाऱ्याने दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. आम्हीही तपासून घेतले. थोडा नंबर निघाला. बल्बाला दोष देता देता आम्ही आपल्या डोळ्यांना विसरलो होतो!

ट्रॉलीची पाठ

आपल्याला दिसणे हे अर्धे काम झाले. आपण दुसऱ्याला दिसणे हे उरलेले अर्धे. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तर उसाच्या पाल्याने झाकलेला असतो. मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीच्या मागे तांबडे व पुढे पांढरे रिफ्लेक्टर किंवा चमकपट्टी लावावी आणि भार भरल्यावरही ती दिसते की नाही, ते पाहावे. बैलगाडीच्या मागच्या आडव्या लाकडावर तांबड्या पट्टीचा तुकडा ठोकावा. सायकलच्या मागच्या मडगार्डवर व पॅडलवर एकेक चिकटवावा. ट्रॅक्टरच्या मागे नांगरटीसाठी जो पांढरा फोकस असतो, तो रस्त्यावर येताच बंद करावा. मागून येणाऱ्याला तो समोरून येणाऱ्या गाडीसारखा वाटतो. वाटेत ट्रॉली बंद पडली तर केवळ दगड व फांद्या ठेवून निघून जाऊ नये. आणि गाडी निघाली की ते दगड उचलावेत.

कायदा काय म्हणतो?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम दिव्याच्या झोताविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाचे डोळे दिपू नयेत, इतका तो झोत खाली वळवलेला असावा, असे तो सांगतो. ही परीक्षा कोणीही अंगणात घेऊ शकतो. वाहनात नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध कर्नाटक पोलिसांनी २०२४ च्या जुलैपासून राज्यभर मोहीमही घेतली. परंतु पोलिसांच्या भीतीने डिपर देणारा माणूस पोलीस नसलेल्या रस्त्यावर तो देणार नाही. आपल्या आतल्या रस्त्यांवर रात्री पोलीस नसतो. तेथे समोरचा माणूसच असतो.

थोडक्यात

आधी काच पुसा. मग वायर, जोड व अर्थिंग पाहा. रिले बसवा. बल्ब ६०/५५ चाच ठेवा. नेम भिंतीवर तपासा. समोर कोणी दिसताच डिपर द्या, मग तो ट्रक असो की सायकल. ट्रकवाल्याला आपण डिपर देतो, कारण तोही आपल्याला देतो. सायकलवाल्याकडे परत द्यायला काही नसते, म्हणून त्याला द्यायचे राहून जाते. आमचेही तेच राहून गेले होते.

काकांचे मनगट सहा आठवड्यांनी प्लॅस्टरमधून निघाले. ते पुन्हा सायकलवर बसू लागले आहेत. त्यांच्या सायकलला मागे तांबडी पट्टी आम्ही स्वतः चिकटवली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वाड्यावस्त्यांवरून बरीच वाहने येतात. त्या दिवशी दुपारी आवारातल्या भिंतीवर खडूने रेघ ओढून ठेवू. ज्यांना आपल्या दिव्याचा नेम पाहायचा असेल त्यांनी थोडे लवकर, अंधार पडण्याच्या सुमारास यावे. एक स्क्रू-ड्रायव्हर सोबत आणावा.